दात्याचा सल्लागार : एका नव्या व्यवसायाची भाषा व त्याचे उच्चशिक्षण

दान ही आपल्याकडील जुनी संस्था आहे. परंतु दान कोणास, कशासाठी व कोणत्या अटींवर द्यावे हे दात्यास वेतन घेऊन सांगणारा सल्लागार हा नवा व्यावसायिक होय. मोठ्या विश्वस्त निधींचे कार्यक्रम-अधिकारी, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे काम पाहणारे अधिकारी व श्रीमंत कुटुंबांच्या देणग्यांची आखणी करणारे तज्ज्ञ हे सर्व ह्या एका वर्गात येतात. अमेरिकेत ह्या व्यवसायातील गौरेतर सल्लागारांच्या प्रगत प्रशिक्षणाचा स्वतंत्र विचार गेली काही दशके होत आहे. आपल्याकडे तोच प्रश्न दलित, आदिवासी व इतर वंचित समाजांतून आलेल्या सल्लागारांच्या संदर्भात उभा राहतो. त्या प्रशिक्षणात काय असावे, आणि भाषाशास्त्राचा त्याच्याशी काय संबंध पोहोचतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु सल्लागाराचे दैनंदिन काम पाहिले असता ते बव्हंशी भाषांतराचे असते असे दिसून येईल. वस्तीतील माणूस आपली अडचण एका भाषेत सांगतो. दात्याचा नमुना-अर्ज ती दुसऱ्या भाषेत मागतो. कायदा तिसऱ्याच भाषेत तिचे वर्गीकरण करतो. ह्या तिन्हींमध्ये उभा असलेला सल्लागार हा मूलतः दुभाषी होय. दुभाष्याच्या हातून एखादा शब्द निसटला तर काय होते ह्याचे एक उदाहरण आपल्याच इलाख्याच्या न्यायेतिहासात आहे.

मुंबईतील एका मृत्युपत्रात संपत्तीचा काही भाग 'धरम' ह्या कारणासाठी ठेवला होता. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई ह्या नावाने प्रसिद्ध असलेला हा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८९९ साली त्याचा निकाल लागला. न्यायाधीशांनी विल्सन यांचा कोश पाहिला. तेथे धर्म ह्या शब्दाला कायदा, सद्गुण, नैतिक कर्तव्य असे अनेक अर्थ दिलेले आढळले. इतका व्यापक शब्द न्यायालयास अंमलात आणता येणार नाही, असे ठरवून ते दान अनिश्चिततेच्या कारणास्तव रद्द ठरविण्यात आले. मराठी अथवा गुजराती घरात 'धर्मासाठी पैसे काढून ठेवले' ह्या वाक्याचा अर्थ लहान मुलासही कळतो; तो अर्थ कोशातून न्यायासनापर्यंत पोहोचला नाही. ही उणीव भरून काढण्यास अर्धे शतक लागले. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० ह्याच्या दहाव्या कलमात धर्म, धर्मादा, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंनी केलेली विश्वस्तव्यवस्था केवळ हेतू अनिश्चित आहे म्हणून रद्द होणार नाही, असे स्पष्टीकरण घालण्यात आले. लोकभाषेतील शब्दांना कायद्यात जागा द्यावी लागली, ही ह्या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

येथे दात्याचा शब्द हरवला व त्याची भरपाई विधिमंडळाने केली. घेणाऱ्याचा शब्द हरवतो तेव्हा काय होते, हा पुढचा व अधिक बिकट प्रश्न आहे.

संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यांस संप्रदान ही संज्ञा परिचित आहे. पाणिनीच्या व्यवस्थेत देण्याच्या क्रियेचा कर्ता दाता, दिली जाणारी वस्तू कर्म, आणि त्या वस्तूच्या द्वारे कर्त्याच्या मनात जो उद्दिष्ट असतो तो संप्रदान. व्याख्येतील खुबी अशी की, घेणारा हा स्वतःच्या गरजेवरून ओळखला जात नाही; तो देणाऱ्याच्या अभिप्रायावरून ठरतो. व्याकरणास ह्यात दोष देण्याचे कारण नाही. ते वाक्याचे वर्णन करीत आहे. परंतु समाजव्यवहारातही वाक्यरचना तशीच राहिली तर घेणारा कायमचा चतुर्थी विभक्तीत उभा राहतो. आजच्या कार्यालयीन मराठीतील 'लाभार्थी' हा शब्द ह्याच रचनेचा वारस होय. 'परोपकार' ह्या शब्दातही ज्यावर उपकार करावयाचा तो 'पर' आहे, हे गृहीत धरलेले आहे. वंचित समाजातून आलेला सल्लागार दात्याच्या मेजापाशी बसतो, तेव्हा ही रचना अडचणीत येते. कारण ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो त्याच्या दृष्टीने 'पर' नसतो.

ह्या अडचणीचा महाराष्ट्रातील इतिहास अभ्यसनीय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची घटना पाहावी. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते व उपाध्यक्षांत रँग्लर र. पु. परांजपे, बा. गं. खेर यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी होती. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद स्वतः आंबेडकरांकडे, चिटणीसपद सी. ना. शिवतरकर यांच्याकडे व खजिनदारी नि. तु. जाधव यांच्याकडे होती. म्हणजे दात्यांची पत व प्रतिष्ठा सभेस हवी होती आणि तिने ती घेतलीही. मात्र पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरविणारी खुर्ची ज्यांच्यासाठी तो पैसा होता त्यांच्याकडेच राहिली. १९२५ च्या आरंभी सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. वसतिगृह, वाचनालय, शिक्षण हा अग्रक्रम ह्या मंडळाने स्वतः लावलेला होता.

आठ वर्षांनी ह्याच प्रश्नाला दुसरे वळण लागले. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ च्या अखेरीस अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष व अमृतलाल ठक्कर चिटणीस होते. हीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. आंबेडकर आरंभी तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते. गोलमेज परिषदेस जाताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून त्यांनी ठक्करांना एक विस्तृत पत्र लिहिले. व्यक्तीच्या सद्गुणांची जोपासना करणारी कामे व परिस्थिती बदलणारी कामे ह्यांत त्यांनी फरक केला. विहिरी, शाळा, वाहने ह्यांवरील नागरी हक्क व रोजगारातील समान संधी ह्यांस प्राधान्य मागितले. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्य तो अस्पृश्य वर्गांतूनच घ्यावेत असा आग्रह धरला. ह्या पत्राची पोचही आपणास मिळाली नाही, असे त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे. ते संस्थेतून बाहेर पडले.

संघाच्या बाजूचा युक्तिवादही विद्यार्थ्याने नीट समजून घेतला पाहिजे. महात्मा गांधींच्या मते अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप व संघाचे कार्य हे त्याचे प्रायश्चित्त होते. ऋण फेडावयाचे ते ऋणकोने, म्हणून संस्था चालविण्याची जबाबदारीही त्याचीच. धनकोने सल्ला द्यावा, लक्ष ठेवावे. ह्या भूमिकेत नैतिक गांभीर्य आहे ह्यात शंका नाही. तथापि तिच्यातील वाक्यरचना ध्यानात घ्यावी : प्रायश्चित्ताचा कर्ता सवर्ण, दानाचा कर्ताही सवर्ण, आणि ज्याच्यासाठी हे सर्व तो पुन्हा संप्रदानातच. त्यास सल्लागारपद मिळते. निर्णय मिळत नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकातील 'हरिजन' ह्या शब्दाला आंबेडकरांच्या पक्षाने हरकत घेतली व ती मान्य न झाल्याने सभात्याग केला. आम्हांस काय म्हणावे हे आम्हीच ठरवू, ही ती मागणी होती. नाव ठेवण्याचा अधिकार व निधी खर्चण्याचा अधिकार हे एकाच अधिकाराचे दोन अवयव आहेत, असे ह्या दोन घटना एकत्र वाचल्या असता म्हणावेसे वाटते.

अमेरिकेतील इतिहासाशी हा ताडून पाहता येतो. १९७१ साली माँट्रिऑल येथे भरलेल्या प्रतिष्ठानांच्या परिषदेत संचालकपदांसाठी केवळ गोऱ्यांचीच नावे पुढे आली. तेथील कृष्णवर्णीय विश्वस्त व कर्मचाऱ्यांनी त्याचा निषेध केला आणि त्यातून प्रतिष्ठानांतील कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांची संघटना जन्मास आली. पुढे लॅटिन, आशियाई व मूलनिवासी समाजांतील अशा अधिकाऱ्यांचीही मंडळे निघाली आणि प्रगत प्रशिक्षण, मार्गदर्शन व शिष्यवृत्ती ही त्यांची नित्याची कामे झाली. तेथे ह्या सर्वांना मिळून जी संज्ञा वापरतात तिचा शब्दशः अर्थ 'रंग असलेले लोक' असा होईल. मराठीत ती आणताना अनुवादकाची पंचाईत होते. 'वर्ण' ह्या शब्दाचा एक अर्थ रंग व दुसरा अर्थ चातुर्वर्ण्यातील स्थान. त्यामुळे 'सवर्ण' म्हणजे आपल्याकडे रंग असलेला नव्हे, तर उच्चस्थानी असलेला. तिकडे ज्या शब्दाने वगळलेले ओळखले जातात, त्याचाच प्रतिशब्द इकडे वगळणाऱ्यांस लागू होतो. ह्यावरून धडा असा की अमेरिकेतील अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलता येणार नाही. विषमतेचा आधार तेथे वंश आहे, येथे जात आहे. आणि जात ही रंगाप्रमाणे डोळ्यांस दिसत नसली तरी आडनावांत, बोलीत व उच्चारांत ऐकू येते.

बोलीचा हा मुद्दा आपल्या परिसरातील एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करू. मध्य रेल्वेवर दिवा व डोंबिवली ह्यांच्या दरम्यान कोपर हे स्थानक आहे; दिवा–वसई मार्ग येथे मुख्य मार्गास वरून ओलांडतो. आसपासचा मुलूख मूळचा आगरी वस्तीचा, उल्हास खाडीच्या काठचा. आता दाट इमारतींनी भरलेला. समजा, येथील मासळी विकणारी एक स्त्री एका कंपनीच्या दान-विभागापुढे आपले म्हणणे मांडीत आहे. तिच्या बोलीत ळ-च्या जागी ल व ण-च्या जागी न येतो. डोळ्याचा 'डोला' होतो, पाण्याचे 'पानी' होते. ऐकणारा अधिकारी तेवढ्यावरून तिचे शिक्षण व समज ह्यांविषयी मत बनवून मोकळा होतो. ती सांगते : बसायला जागा नाही. अधिकारी टिपून घेतो : साधनांचा अभाव. अहवालात त्याचे 'महिला सक्षमीकरण' होते, आणि वर्षअखेर पन्नास शीतपेट्या वाटल्याचे छायाचित्र निघते. बसण्यास जागा मात्र नसतेच.

त्याच समाजातून आलेला व नीट प्रशिक्षित झालेला सल्लागार येथे काय करील? 'जागा' ह्या शब्दाचा अर्थ तिच्या तोंडी केवळ चार फूट जमीन असा नसून, कोणी उठवू नये असा हक्क असा आहे, हे तो प्रथम ओळखील. मग तो पथविक्रेत्यांसंबंधीचा २०१४ चा केंद्रीय कायदा काढील. त्या कायद्यान्वये विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांस विक्री-प्रमाणपत्र मिळावयाचे असते, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा दात्यास तो असे सांगेल की, शीतपेट्यांऐवजी विक्रेत्या स्त्रियांची नोंदणी, कागदपत्रे, कायद्याचे साहाय्य व समितीच्या निवडणुकीची तयारी ह्यांवर तीन वर्षे खर्च करावा. छायाचित्र निघणार नाही. परंतु समितीत बसलेली स्त्री पुढच्या वेळी स्वतःच कर्ता असेल. ह्या सल्ल्यासाठी बोलीचे ज्ञान, कायद्याचे ज्ञान व दात्यास 'नको' म्हणण्याचे बळ ही तिन्ही एकत्र लागतात. बोलीचे ज्ञान त्याने घरातून आणलेले असते. बाकीची दोन त्यास शिक्षणाने द्यावयाची आहेत.

ह्या शिक्षणाची निकड वाढण्याचे कारण कायद्याने घडविलेली नवी परिस्थिती होय. कंपनी अधिनियम, २०१३ चे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आले. विहित मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे, आणि आपल्या कार्यस्थानाच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. डोंबिवलीसारख्या औद्योगिक वसाहतीच्या शेजाऱ्यांस ह्या प्राधान्याचा अर्थ उघड आहे. अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत भूक व दारिद्र्य निवारण, शिक्षण, आरोग्य ह्यांबरोबरच सामाजिक व आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करणे हेही स्पष्ट शब्दांत नमूद आहे. 'गरज' व 'विषमता' हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. गरज भागविली की संपते असे मानता येते. विषमतेला दुसरी बाजू असते, आणि तीत कदाचित दाताही उभा असतो. दुसरा शब्द कायद्यात आहे, पण अर्ज बहुधा पहिल्याच शब्दाने लिहिले जातात. जाणत्या सल्लागाराने ही फट पाहिली पाहिजे.

दुसरी बाजू निर्बंधांची आहे. परकीय देणग्यांसंबंधीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने, एका संस्थेने मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली व प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेच्या आधाराने ज्या लहान, वस्तीतील संस्था चालत, त्यांचा एक मार्ग ह्यामुळे बंद झाला. अशा संस्थेस स्वतःची नोंदणी, लेखापरीक्षण व पत स्वतःच उभी करावी लागते. आणि ते सांगणारा माणूस तिच्यापाशी नसला तर कामात कितीही सचोटी असली तरी तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो.

ह्या सर्व विवेचनावरून प्रगत प्रशिक्षणाची चार अंगे सुचविता येतील. पहिले अंग कायदा व हिशेब ह्यांचे : विश्वस्तव्यवस्थेची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे द्यावयाचा बदल-अहवाल, स्थावर मिळकत विकण्यापूर्वी घ्यावयाची परवानगी, ताळेबंदाचे वाचन. ह्यात सवलत मागू नये. येथे कच्चा राहिलेला सल्लागार मेजापाशी असूनही मुका राहतो. दुसरे अंग परिभाषा व भाषांतर ह्यांचे : वस्तीतील कथन जसेच्या तसे टिपणे, त्यातील कळीचे शब्द वेगळे काढणे, नमुना-अर्जात त्यांचे काय होते ते ताडून पाहणे, आणि नमुनाच अपुरा असेल तर तो बदलण्याचा मसुदा करणे. तिसरे अंग मूल्यमापनाचे : किती वस्तू वाटल्या ह्याऐवजी कोणता निर्णय कोणाच्या हाती आला, हे मोजण्याची पद्धती. चौथे अंग व्यवसायनीतीचे : वेतन दात्याचे व निष्ठा समाजाची, ह्या दुहेरी बंधनात प्रामाणिक कसे राहावे. ह्या चौथ्या अंगात एक सावधगिरीही यावी. वंचित समाजात जन्मलेला प्रत्येकजण त्या समाजाचा प्रतिनिधी असतोच असे नाही. जातीजातींत पायऱ्या आहेत, स्त्रीचा अनुभव पुरुषाहून निराळा आहे, आणि शिकून वर आलेला मनुष्य वस्तीपासून दूरही जातो. प्रतिनिधित्व हे जन्माने आरंभ होते, परंतु वारंवार ऐकण्याने टिकते.

असे शिक्षण देण्यास आपल्याकडे पाया नाही असे नव्हे. १९३६ साली सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले; १९४४ साली त्यास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. एका दात्याच्या निधीनेच दानाला शास्त्र हवे हे मान्य केल्याचे ते उदाहरण होय. तेथे पुढे दलित व आदिवासी अभ्यास हा समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा एक स्वतंत्र प्रवाह झाला. परंतु समाजकार्याचे शिक्षण मुख्यतः काम करणाऱ्यास घडविते. दात्यास सल्ला देणाऱ्याचे, आणि तेही सेवेत काही वर्षे घालविल्यानंतरचे, प्रगत शिक्षण हा पुढचा टप्पा आहे. विद्यापीठांच्या भाषा, विधी, वाणिज्य व समाजशास्त्र ह्या विभागांनी एकत्र येऊन तो हाती घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांस वेतनासह रजा मिळावी, आणि अभ्यासक्रमाचा काही काळ एखाद्या विश्वस्त मंडळाच्या प्रत्यक्ष बैठकींत जावा, एवढी व्यवस्था केल्याखेरीज ते पुस्तकी राहील.

मात्र एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रशिक्षण कितीही उत्तम असले तरी मंडळात मत नसेल, तर सुशिक्षित सल्लागार हा १९३२ च्या पत्राची सुधारून लिहिलेली प्रत ठरेल : मजकूर निर्दोष, पोच नाही. म्हणून ज्या निधीस अशा सल्लागारांचे शिक्षण व्हावे असे वाटते, त्याने त्यांच्यासाठी विश्वस्त मंडळात मताधिकाराची जागा राखून ठेवणे हे त्या शिक्षणाचेच अंग मानावयास हवे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ साली जी रचना केली तीत दात्याचा मान कमी झाला नव्हता. निर्णयाची खुर्ची तेवढी योग्य ठिकाणी ठेवली होती. संप्रदानाचा कर्ता होणे ह्याचा व्यवहारातील अर्थ एवढाच आहे, आणि त्यासाठी व्याकरण बदलावे लागत नाही. वाक्य कोणी रचावयाचे एवढेच ठरवावे लागते.